क्रूझ, कोक आणि कोकम

गेले तीन वीकएंड रिलीजच्या धावपळीत गेले, त्यामुळे इकडे फिरकलो नाही. त्याआधी मात्र चक्क सुट्टी घेतली होती. आई-बाबा सध्या आमच्याकडे ह्यूस्टनला आले आहेत, लेकीच्या शाळेला सुट्टी होती, आणि ग्रुपमधल्या चार मराठी कुटुंबांचं 'एकदा क्रूझ करूया रे' हे दोन वर्षं नुसतं चाललेलं होतं. तर एकदाचे गॅल्व्हेस्टनहून पाच रात्रींच्या बोटीवर चढलो आणि मेक्सिकोची दोन बंदरं बघून परत आलो.

घाबरू नका, प्रवासवर्णन लिहिणार नाहीये. बोट किती मजली होती, बुफेमध्ये किती प्रकारचे केक होते आणि कोझुमेलच्या पाण्याचा रंग कसा होता हे तुम्हाला फेसबुकवर कोणीतरी ऑलरेडी दाखवलेलं असणार. मला लिहायचंय एका अगदी क्षुल्लक विषयावर. बोटीवर आपला आपला कोक न्यावा की नाही?

हसू नका. या विषयावर आमच्या ग्रुपमध्ये निघायच्या आधी आठवडाभर वाद चालला होता. एक पक्ष म्हणत होता, 'अरे नियमात बसतंय, मग का नाही न्यायचं? तिथे एका कॅनला तीन डॉलर घेतात.' दुसरा पक्ष म्हणत होता, 'हजार-दोन हजार डॉलर खर्च करून चाललोय आणि कोकची खोकी काय उचलून न्यायची? लाज आहे की नाही? आपण काय एस.टी.ने अष्टविनायकाला चाललोय का?' मी पहिल्या पक्षात होतो. अजूनही आहे. पण का आहे, याची कारणं परत येईपर्यंत बरीच बदलली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी नियम सांगतो, कारण निम्म्या लोकांना असा काही नियम असतो हेच माहीत नसतं. प्रत्येक कंपनीचं वेगळं. रॉयल कॅरिबियन माणशी १२ नेहमीच्या मापाचे कॅन, बाटल्या किंवा खोकी नेऊ देते, तीही फक्त चढायच्या दिवशी. कार्निव्हलवर माणशी १२ कॅन किंवा खोकी, प्रत्येक जास्तीत जास्त १२ औंसाचा म्हणजे आपला नेहमीचा ३५५ मिलीचा, सीलबंद, आणि हातातल्या सामानात. बाटल्या मात्र बंद. अगदी पाण्याचीसुद्धा नाही. नॉर्वेजियनचा कारभार सगळ्यात कडक, ते कोक-पेप्सी आणूच देत नाहीत. आणि डिस्नेच्या बोटीवर हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे जेवणाबरोबर आणि डेकवरच्या मशीनमधून सॉफ्ट ड्रिंक फुकटच असतं. (डिस्नेचं तिकीट बघितलंत की 'फुकट' या शब्दाचा खरा अर्थ कळतो.)

बहुतेक बोटींवर साधं पाणी, बुफेतला चहा-कॉफी, आइस्ड टी, लेमोनेड हे तिकिटातच येतं. पाणी बोटीवरच समुद्राच्या पाण्यापासून बनवतात, बाष्पीभवन करून किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसने, आणि चवीला आमच्या ह्यूस्टनच्या नळापेक्षा बरं लागतं. म्हणजे तहानेने कोणी मरत नाही. पैसे पडतात ते बुडबुड्यांचे.

आता हिशोब. इंजिनिअर माणूस, स्प्रेडशीट केल्याशिवाय चैन पडत नाही. सॉफ्ट ड्रिंकचं 'अनलिमिटेड' पॅकेज कंपनीप्रमाणे आणि तारखेप्रमाणे मोठ्या माणसाला साधारण दहा ते पंधरा डॉलर रोज पडतं, आणि ते सहसा सगळ्या प्रवासाचं घ्यावं लागतं, एका दिवसाचं नाही. आम्ही चार मोठे आणि एक लहान. रोजचे १२ डॉलर धरले तर चौघांचे पाच दिवसांचे २४०, लेकीचे रोज ८ प्रमाणे ४०, झाले २८०. वर १८ टक्के ग्रॅच्युइटी आपोआप लागते, म्हणजे ३३० डॉलर. उलट दुकानातून १२ कॅनची दोन खोकी आणली तर १८ डॉलर. निघायच्या आधी मी ग्रुपवर छाती फुगवून लिहिलं, 'तीनशे बारा डॉलर वाचवले!'

हा आकडा खोटा आहे. ऑफिसमध्ये कोणी असा बेसलाइन घेतला असता तर मीच त्याला रिव्ह्यूमध्ये सोलून काढला असता. आम्ही ते पॅकेज कधी घेणारच नव्हतो. बाबा दिवसाला एकसुद्धा कोक पीत नाहीत, आई अर्धा पिते आणि उरलेला बाबांना देते. पाच दिवसांत आम्ही सगळ्यांनी मिळून २४ पैकी १९ कॅन प्यायलो. तेच बोटीवर एकेक करून घेतले असते तर तीन डॉलरने ५७, वर १८ टक्के, म्हणजे ६७ डॉलर. त्यातून खोक्यांचे १८ वजा केले की खरी बचत ४९ डॉलर. बदल्यात काय केलं? एक खोकं साधारण साडेचार किलोचं, अशी दोन, म्हणजे नऊ किलो वजन पार्किंगपासून टर्मिनलपर्यंत आणि तिथून रांगेत तासभर वागवलं. चेक-इनच्या बॅगेत टाकायची सोय नाही.

तेव्हा पैसे वाचतात म्हणून न्या, असं मी म्हणणार नाही. वाचतात, पण आपण सांगत सुटतो तेवढे नाहीत.

मग न्यायचं कशाला? तर माझं म्हणणं असं की बोटीचा हिशोब नीट समजून घेतला तर न्यायचं की नाही हा प्रश्न लाजेचा उरत नाही, नुसता सोयीचा उरतो.

क्रूझ कंपनीच्या जमाखर्चात उत्पन्नाच्या दोन ओळी असतात. एक तिकिटांची, दुसरी बोटीवरच्या खर्चाची, म्हणजे दारू, कसिनो, स्पा, बंदरावरच्या सहली, वायफाय, आणि आपला कोक. कार्निव्हल कॉर्पोरेशनचं २०२३ सालचं एकूण उत्पन्न साधारण २१.६ अब्ज डॉलर होतं आणि त्यातले साडेसात अब्ज या दुसऱ्या ओळीतले. म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडे जास्तच. तिकीट स्वस्त दिसतं ते याच जोरावर. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तोच प्रकार.

यात फसवणूक नाही. मॉडेल उघड आहे. जो कसिनोत बसतो तो माझ्या आईच्या तिकिटाचा काही भाग भरतो. पण कंपनीने हे मॉडेल निवडलं आहे आणि त्याच कंपनीने 'माणशी १२ कॅन आणा' हेही स्वतःच लिहून ठेवलं आहे. म्हणजे १२ कॅन घेऊन चढणारा माणूस चोरी करत नाहीये, पळवाट काढत नाहीये, तो कागदावर दिलेली सवलत वापरतोय. त्याला 'चिंधीगिरी' म्हणणाऱ्यांनी तिकीट काढताना कूपन कोड का टाकला होता हेही सांगावं :)

हा वाद आपल्याला नवीन नाही. देशात असताना मल्टिप्लेक्सच्या दारात हेच व्हायचं. बॅगेतला डबा बाहेर काढा, पाण्याची बाटली बाहेर काढा, आणि आत गेल्यावर वीस रुपयांचं पाणी पन्नासला घ्या. १ जानेवारी २०१८ पासून एकाच मालाच्या दोन एमआरपी छापायला बंदी आली. पण त्याच्या थोडंसं आधी, डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की हॉटेल-रेस्टॉरंटवाले एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतात, कारण तिथे माणूस नुसती बाटली विकत घेत नाही, बसायची जागा आणि सेवाही घेतो. मग २०१८ साली महाराष्ट्रात बाहेरच्या पदार्थांवरून किती रामायण झालं ते मुंबई-पुणेकरांना आठवत असेल. नागपूरच्या अधिवेशनात सरकार म्हणालं बंदी नाही, आणि हायकोर्टात उभं राहायची वेळ आली तेव्हा सूर बदलला. शेवटी ३ जानेवारी २०२३ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. नरसिंह यांच्या खंडपीठाने निकाल दिला की सिनेमागृह ही खाजगी मालमत्ता आहे, मालक बाहेरचे पदार्थ आणायला बंदी घालू शकतो, मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं आणि लहान बाळाचं खाणं आणू द्यायला हवं.

मला हा निकाल पटतो. (शिव्या द्यायच्या त्यांनी द्याव्यात.) ज्याची जागा त्याचे नियम, फक्त पाणी आणि बाळाचं दूध यावर धंदा नको. बोटीलाही हेच लावा. नॉर्वेजियन म्हणते आणू नका, तर मी तिच्यावर रागवत नाही, दुसरी बोट बघतो किंवा पाच दिवस आइस्ड टी पितो. भर समुद्रात एमआरपी शोधण्यात अर्थ नाही.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. निघायच्या आधी मी लिहिलं असतं तर लेख इथेच संपला असता. पण टर्मिनलवर एक गोष्ट घडली.

आईला बोट लागते. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने ती मे महिन्यात देवगडला जायची, तेव्हापासूनची गोष्ट आहे. रात्रभर डेकवर चटई टाकून झोपायचं, सकाळी बोट बंदराबाहेर उभी राहिली की पडावात उतरायचं, आणि या सगळ्यात पोटात काही ठरायचं नाही. त्यावर तिच्या आजीचं औषध म्हणजे कोकमाचं सरबत, जरा जास्त मीठ आणि जिरेपूड घालून. त्या बोटीवर सगळेच घरून डबे, पाण्याचे तांबे आणि सरबताच्या बाटल्या घेऊन चढायचे. 'बाहेरचे पदार्थ आणू नयेत' अशी पाटी तिथे लावली असती तर बोट रिकामीच गेली असती.

तर बाबांनी काय केलं, निघायच्या आदल्या रात्री भारतातून आणलेलं आगळ काढलं, आणि आमच्या घरच्याच एका रिकाम्या लिटरच्या बाटलीत सरबत करून भरलं. कोणाला न सांगता. आईला सरप्राइज नव्हे हं, बाबांच्या पिढीला सरप्राइज वगैरे येत नाही. 'लागेल तिला' म्हणून भरलं, बस.

एक्स-रेला बॅग गेली आणि थांबली. गार्डने बाटली बाहेर काढली. गडद लाल पाणी, सील तुटलेलं. तो म्हणाला, हे नेता येणार नाही. बाबा त्यांच्या इंग्रजीत समजावू लागले, 'होममेड. फॉर माय वाइफ. नो अल्कोहोल. यू टेस्ट.' झाकण उघडून बाटली त्याच्यासमोर धरली. गार्ड बिचारा हसला, पण नाही म्हणाला. सीलबंद नाही म्हणजे नाही. पिऊन टाका किंवा टाकून द्या.

मागे रांग लागली होती. माझ्या हातात ती कोकची दोन खोकी, लेक माझा शर्ट ओढतेय, आणि मागे आमचाच सगळा ग्रुप. मी बाबांना म्हणालो, 'बाबा, द्या ना ते टाकून! नियम वाचले होते का? मागे लोक थांबलेत, शोभतं का हे?' जरा चढ्या आवाजात. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग आईला म्हणाले, 'तू दोन घोट घेऊन ठेव.' आईने घेतले. उरलेलं सगळं सरबत बाटलीसकट डब्यात गेलं. बाबा बॅगेची चेन लावत म्हणाले, 'चल, झालं.'

नियम बरोबर होता. गार्डही बरोबर होता, त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. मी चढवला.

आता गंमत ऐका. आमच्या ग्रुपमधला एक मित्र, नाव नको, आपण त्याला 'आर्किटेक्ट' म्हणू. याने माउथवॉशची मोठी बाटली धुऊन तिच्यात व्होडका भरली होती, खाण्याचा हिरवा रंग घालून, आणि झाकणाचं सील कुठल्याशा व्हिडिओत बघून परत चिकटवलं होतं. ती बाटली चेक-इनच्या बॅगेतून आरामात वर गेली. बोट सुटायच्या आधीच त्याच्या केबिनमध्ये सगळे जमले, बाटलीचं उद्घाटन झालं, 'मानलं तुला' म्हणून पाठ थोपटली गेली. मीही थोपटली. दोन घोट घेतलेही. (चव पुदिन्याची येत होती, ते सोडा.)

बाल्कनीत बाबा उभे होते. त्यांनी ते सगळं ऐकलं असणार. काही बोलले नाहीत.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून बोटीवरच्या महागड्या वायफायवर हाच विषय वाचत बसलो. (हो, कोकचे वाचवलेले पैसे तिथे गेले.) तर कार्निव्हलचा बाटलीबंदीचा नियम २०१५ च्या जुलैपासूनचा आहे. त्याआधी लोक पाण्याच्या आणि सोड्याच्या बाटल्या सर्रास न्यायचे. कंपनीने बंदी घालताना जी कारणं दिली त्यातलं मुख्य हे, की लोक बाटल्यांमधून चोरून दारू आणतात, आणि प्रत्येक बाटली तपासण्यात चढायची रांग लांबते. पाणी आणि व्होडका एक्स-रेत सारखीच दिसणार. कॅनमध्ये मात्र घरच्या घरी दारू भरून परत सील करणं अवघड, म्हणून कॅन चालतात.

आपल्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळतं. एखाद्या एपीआयचा चार लोक गैरवापर करतात. त्या चौघांना शोधून काढणं महाग पडतं, म्हणून ते फीचरच सगळ्यांसाठी बंद करतात. ज्यांनी सरळपणे वापरलं त्यांचा कोड मोडतो, आणि ते चौघे दोन दिवसांत दुसरी वाट शोधतात. इथेही तेच झालं. आर्किटेक्टसारख्यांमुळे नियम कडक झाला, आर्किटेक्ट त्यातूनही वर गेला, आणि अडकलं कोण? तर झाकण स्वतःहून उघडून 'चाखून बघा' म्हणणारा सत्तरीतला माणूस.

आणि मी? मला लाज वाटली ती बाबांची. आर्किटेक्टची वाटली नाही, उलट कौतुक वाटलं. हे मला स्वतःलाच नंतर पचेना.

आपल्याकडे ही सवय खोल आहे. उघडपणे, नियमाप्रमाणे चार पैसे वाचवले तर तो चिंगूसपणा. तेच लबाडी करून वाचवले तर ते 'डोकं'. कोकचं खोकं खांद्यावर घेऊन चढणारा गावंढळ, आणि माउथवॉशमध्ये दारू नेणारा स्मार्ट. त्या दुसऱ्या पक्षातल्या माझ्या मित्राला खोकी न्यायची लाज वाटत होती, पण व्होडका घ्यायला केबिनमध्ये तोच पहिला हजर होता.

आणि यात नुकसान फक्त कंपनीचं होतं असं समजू नका. तिसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि आईला बोट लागलीच. जेवणाच्या टेबलावर ती नुसती डोकं धरून बसली होती. आमच्या टेबलाला जो वेटर होता तो वेंगुर्ल्याचा निघाला. गोवा आणि तळकोकणातली किती मुलं या बोटींवर आहेत ते एकदा जाऊन बघा. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि देश असतो, पण आईने त्याचं इंग्रजी ऐकूनच ओळखलं. बाबांनी विचारलं, 'तू कुठला रे?' तो म्हणाला, 'काका, मी वेंगुर्ल्याचो.' मग काय, आईचं अर्धं दुखणं तिथेच गेलं. तो धावत जाऊन जिंजर एल घेऊन आला, त्यात लिंबू आणि मीठ घालून. 'काकू, हळूहळू घ्या. कोकम काही मिळायचं नाही इथे.' बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, 'होतं आमच्याकडे.'

त्याच्याशी नंतर दोन-तीनदा बोलणं झालं. नऊ महिन्यांचा करार, घरी दोन वर्षांची मुलगी, रोज दहा तासांच्या वर काम, आठवड्याची सुट्टी नाही. पगाराचा मोठा भाग ग्रॅच्युइटीचा. बोटीवर माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आपल्या खात्यात आपोआप लागतात, ते हेच. आणि बारमध्ये काही घेतलं की त्यावरची टक्केवारी वेगळी. मी त्याला विचारलं, 'आम्ही आमचे कॅन आणले तर तुमचं नुकसान होतं का?' तो हसून म्हणाला, 'कॅनचं काय घेऊन बसलात दादा, लोक शेवटच्या रात्री काउंटरवर जाऊन ग्रॅच्युइटी काढून टाकतात, त्याचं बोला.'

हे खरं आहे. बऱ्याच बोटींवर शेवटच्या दिवशी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन 'माझी ग्रॅच्युइटी काढा' म्हणता येतं, आणि लोक म्हणतात. आपलेही म्हणतात. आमच्याच ग्रुपमध्ये शेवटच्या संध्याकाळी हा विषय निघाला. पाच जणांचे पाच दिवसांचे चारशेच्या वर होतात, 'कंपनीने पगार द्यावा, आपण का द्यायचे?' असा तात्त्विक मुद्दाही मांडला गेला. मुद्दा तत्त्व म्हणून चुकीचा नाही. पण ती रक्कम काढल्याने कंपनीचं धोरण बदलत नाही, वेंगुर्ल्याच्या मुलाचा महिना बदलतो. पाच दिवस ज्याच्या हातचं खाल्लं त्याच्यावर तत्त्वाचा प्रयोग करू नये एवढंच मी म्हणालो. दोघांनी ऐकलं, एकाने नाही.

तर मंडळी, एवढं रामायण झाल्यावर माझं मत काय ते सांगतो. पटलं तर घ्या.

१. कंपनीचा नियम कॅन नेऊ देत असेल तर बिनधास्त न्या. हातात उघड धरून न्या. लाजू नका. पण पैशाचा हिशोब आधी करा. एक माणूस दिवसाला चारपेक्षा जास्त कॅन पीत असेल तरच पॅकेज परवडतं, आणि दिवसाला एखादाच पीत असाल तर वजन उचलायचं की तीन डॉलर द्यायचे हे तुमच्या पाठीला विचारा.

२. नियम दर कंपनीचे वेगळे आणि बदलत असतात. निघायच्या आठवड्यात कंपनीच्या साइटवर जाऊन वाचा, ग्रुपवर 'मागच्या वेळी चाललं होतं' असं सांगणाऱ्यावर विसंबू नका.

३. घरचं खाणं बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारखान्यात सील केलेली छोटी पाकिटं सहसा चालतात. लिंबू सरबताच्या पावडरीची पाकिटं न्या, पाणी आणि बर्फ बोटीवर फुकट मिळतो. आणि चहासाठी इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. केबिनमध्ये तापणाऱ्या वस्तूंना बंदी असते, आणि ते बरोबरच आहे, समुद्रात आगीसारखी वाईट गोष्ट नाही. अशा जप्त वस्तूंच्या खोलीला क्रूझवाले लोक 'नॉटी रूम' म्हणतात. तिथे आपल्या नावाने बोलावणं येतं.

४. चोरून दारू नेऊ नका. बऱ्याच बोटींवर चढताना मोठ्या माणसाला वाइनची एक बाटली नेऊ देतात, ती न्या. सापडलात तर तुमची बाटली जाते, नाही सापडलात तर पुढच्या वर्षी कोणाच्या तरी वडिलांचं सरबत जातं.

५. ग्रॅच्युइटी काढू नका. कोकवर वाचवा, माणसांवर नको.

आणि सहावं, जे कुठल्याही कंपनीच्या साइटवर लिहिलेलं नाही. आई-बाबांना घेऊन जात असाल तर नियम तुम्ही वाचा आणि त्यांना आधी सांगा. घरी, बसून, मराठीत. बाबांनी नियम वाचले नव्हते, हे मी रांगेत चारचौघांत त्यांना सुनावलं. पण ते वाचून सांगायचं काम माझं होतं. बुकिंग मी केलं, ईमेल माझ्या इनबॉक्समध्ये आली, कॅनचे औंससुद्धा मी मोजले. फक्त 'बाबा, घरचं काही चालत नाही बरं का' हे एक वाक्य सांगायचं राहिलं.

परत आलो त्या दिवशी उरलेले पाच कॅन गॅरेजमध्ये ठेवले, अजून तिथेच आहेत. रात्री बाबांनी आगळाची बाटली पुन्हा काढली आणि सगळ्यांसाठी सरबत केलं. माझ्यासमोरही पेला ठेवला. मी 'सॉरी' म्हणणार होतो, पण तेवढ्यात लेकीने टेबलावर तिचा पेला सांडला आणि ते राहून गेलं.

बाबा हा ब्लॉग वाचतात. म्हणून इथे लिहितोय. बाबा, चूक माझी होती.

ता. क. : आर्किटेक्टने हा लेख टाकायच्या आधी वाचला. म्हणाला, 'माझं नाव नाही ना टाकलंस?' नाही टाकलं. पण पुढच्या वेळी माउथवॉश तरी नीट धू रे बाबा!